महानगर, लहान गाव आणि महाविद्यालयीन फुटबॉल : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन खेळाचा अनुभव मोठ्या शहरात अधिक समृद्ध असतो की लहान गावात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात फुटबॉलच्या आधारे केला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन गावे, नागपूर व कामठी येथील फुटबॉल आणि भंडारा जिल्ह्यातील क्रीडाजीवन यांची तुलना केली असता असे दिसून येते की, लहान गावात प्रेक्षकांची वा आवडीची उणीव नसते. उणीव असते ती स्वतःच्या मैदानावर होणाऱ्या सामन्यांची. ही उणीव स्पर्धेच्या रचनेतून निर्माण होते व रचना बदलल्यास ती दूर होऊ शकते.

बीजशब्द : महाविद्यालयीन फुटबॉल, घरचा सामना, बाद पद्धत, साखळी पद्धत, भंडारा जिल्हा.

प्रस्तावना

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे येतात. नागपूर हे या क्षेत्रातील एकमेव महानगर होय. उर्वरित तीन जिल्ह्यांतील बहुसंख्य महाविद्यालये जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख व भंडारा शहराची सुमारे ९२ हजार होती. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर अशा सात तालुक्यांत हा जिल्हा विभागलेला आहे. येथील महाविद्यालयात फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याला त्या खेळातून काय मिळते आणि नागपूरच्या विद्यार्थ्यापेक्षा त्याला काय कमी पडते, हा प्रश्न केवळ क्रीडा विभागाचा नाही. महाविद्यालय व समाज यांच्या नात्याशी तो निगडित आहे.

महाविद्यालयीन गाव : अमेरिकेचा दाखला

या विषयावरील चर्चा जगात सर्वाधिक होते ती अमेरिकेत. तेथील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ असला, तरी त्याची सामाजिक रचना अभ्यसनीय आहे. तेथील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झालेल्या सामन्याचा उल्लेख केला जातो. पुढे हा खेळ लहान विद्यापीठीय गावांचे वैशिष्ट्य बनला. मिशिगन विद्यापीठाचे ॲन आर्बर हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या सुमारे १ लाख २४ हजार होती. १९२७ मध्ये सुरू झालेल्या तेथील क्रीडागाराची आसनक्षमता मात्र १ लाख ७ हजारांहून अधिक आहे. विद्यार्थी निवासातून पायी मैदानावर जातात व सामन्याच्या दिवशी अवघे गाव त्या एका घटनेभोवती फिरते.

महानगरातील चित्र निराळे आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने १९८२ मध्ये पॅसाडेना येथील रोझ बाउल हे मैदान घरचे मैदान म्हणून स्वीकारले. ते विद्यापीठापासून सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. शिवाय व्यावसायिक संघ, चित्रपट व इतर करमणूक यांच्या गर्दीत महाविद्यालयाचा सामना ही शहरातील अनेक घटनांपैकी एक घटना ठरते. सुविधा व संधी महानगरात अधिक, तर आपलेपणा लहान गावात अधिक, असा हा साधारण भेद आहे.

मात्र ॲन आर्बरचा आपलेपणा केवळ गाव लहान असल्यामुळे निर्माण झालेला नाही. तेथील संघ नियमित हंगामात साधारणतः १२ सामने खेळतो आणि त्यांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक सामने स्वतःच्या मैदानावर होतात. गावाला आपला संघ वारंवार पाहावयास मिळतो, म्हणूनच तो त्याला आपला वाटतो.

नागपूर व कामठी

नागपुरात फुटबॉलची परंपरा जुनी आहे. जिल्हा संघटना, स्थानिक क्लब, साखळी सामने, यशवंत स्टेडियमसारखी मैदाने व अनुभवी मार्गदर्शक यांचा लाभ तेथील विद्यार्थ्याला होतो. महाविद्यालयाचा हंगाम संपला, तरी तो क्लबकडून खेळू शकतो. शहराच्या या वातावरणातूनच हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे कार्य उभे केले. पुढे ते 'स्लम सॉकर' या नावाने सर्वत्र परिचित झाले आणि २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'झुंड' या चित्रपटास त्यातून प्रेरणा मिळाली. एका महाविद्यालयीन शिक्षकाने मैदान व मुले यांची गाठ घालून दिल्यास काय घडू शकते, याचा हा नमुना होय.

तथापि, सामर्थ्य केवळ महानगराच्या आकारातून येते, असे मानणे योग्य ठरणार नाही. नागपूरजवळील कामठीची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ८७ हजार, म्हणजे भंडाऱ्यापेक्षाही किंचित कमी होती. तरीही रब्बानी क्लबसारख्या संघांमुळे हे गाव विदर्भातील फुटबॉलचे केंद्र म्हणून ओळखले जाते. ब्रिटिश काळात लष्करी छावण्यांमधून हा खेळ भारतात अनेक ठिकाणी पोहोचला. कामठी हेही १८२१ पासूनचे छावणीचे गाव. नागपूरचे सान्निध्य व गावातील क्लब यांमुळे तेथील खेळाडूला सातत्याने सामने मिळतात. म्हणजेच गावाच्या लोकसंख्येपेक्षा सामन्यांची उपलब्धता अधिक निर्णायक ठरते.

भंडारा : प्रेक्षक आहेत, सामना नाही

भंडारा जिल्ह्यात मैदानी खेळ म्हटला की प्रथम कबड्डी आठवते. यामागे भौतिक कारण आहे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटरचे असते. १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद अशा फुटबॉल मैदानास ७,१४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन एकर सपाट जागा लागते. एका फुटबॉल मैदानाच्या क्षेत्रफळात कबड्डीची जवळजवळ ५५ मैदाने सामावू शकतात. धानाच्या बांध्यांनी व्यापलेल्या प्रदेशात एवढी मोकळी जागा गावोगावी मिळणे कठीण असते. महाविद्यालयाचे पटांगण हेच बहुधा त्यासाठी उपलब्ध स्थान होय. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी फुटबॉल टिकवण्याची जबाबदारी स्वाभाविकपणे महाविद्यालयावर येते.

प्रेक्षकांचा प्रश्न मात्र या जिल्ह्यात उद्भवत नाही. दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडई, रात्रभर चालणारे झाडीपट्टीचे नाटक, शंकरपट व कबड्डीचे सामने यांना होणारी गर्दी सर्वपरिचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने शंकरपट बंद झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली. एवढ्या खंडानंतरही लोक पुन्हा पटाच्या दाणीभोवती जमू लागले. आपल्या गावाची जोडी, आपल्या गावाचा संघ ही भावना येथे खोलवर रुजलेली आहे. ॲन आर्बरच्या प्रेक्षकांत जी भावना दिसते, ती येथे मुळातच विद्यमान आहे. महाविद्यालयाचा संघ तेवढा तिच्या कक्षेबाहेर राहिला आहे.

बाद पद्धतीचे गणित

याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आढळते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा एका यजमान केंद्रावर, अल्प दिवसांत व बाद पद्धतीने घेतल्या जातात. ३२ संघ असल्यास ३१ सामन्यांत विजेता ठरतो. वेळ व खर्च यांच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु पहिल्याच फेरीत १६ संघ, म्हणजे निम्मे संघ एका सामन्यानंतर परततात. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० व साकोलीहून सुमारे १०० किलोमीटर आहे. पहाटे निघालेला संघ एक सामना खेळून हरला की त्याचा वर्षभराचा हंगाम ९० मिनिटांत संपतो.

नागपूरच्या पराभूत खेळाडूपुढे क्लबचा मार्ग खुला असतो. साकोली वा लाखांदूरच्या खेळाडूपुढे तो सहसा नसतो. विद्यापीठ संघाची निवड करणाऱ्यांसमोर गुण दाखविण्याची त्याची संधीही त्या एका सामन्यापुरती राहते. त्याहून गंभीर बाब अशी की, त्याचा खेळ त्याच्या वर्गमित्रांनी, प्राध्यापकांनी वा आईवडिलांनी कधीच पाहिलेला नसतो. महाविद्यालयाला कळतो तो सूचनाफलकावरील निकाल. विद्यार्थिनींच्या बाबतीत दूरचा प्रवास व उशिरा परतणे यांमुळे घरची परवानगी हाच पहिला अडसर ठरतो.

जिल्हांतर्गत साखळीची शक्यता

यावर जिल्हांतर्गत साखळी हा व्यवहार्य पर्याय संभवतो. सात तालुक्यांतून प्रत्येकी एका महाविद्यालयाचा संघ घेतल्यास एकेरी साखळीत एकूण २१ सामने होतात. प्रत्येक संघास ६ सामने मिळतात : ३ स्वतःच्या मैदानावर व ३ पाहुणा संघ म्हणून. आठवड्यास एक फेरी धरल्यास सात आठवड्यांत साखळी पूर्ण होते. दुहेरी साखळीत प्रत्येक संघाचे सामने १२ होतात, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयाच्या नियमित हंगामाइतकेच. जिल्ह्यातील अंतरे नागपूरच्या तुलनेत कमी असल्याने बहुतेक संघ त्याच दिवशी उजेडात परतू शकतात.

यात तीन बाबींचे भान आवश्यक आहे. पहिली बाब हंगामाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी असते व अनेक विद्यार्थी घरच्या शेतीत गुंतलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारी हा काळ त्या दृष्टीने अधिक अनुकूल ठरतो. दुसरी बाब मैदानाची. पूर्ण मैदान नसेल तेथे सात-सात खेळाडूंचा सामना लहान मैदानावर घेता येतो. २००३ पासून सुरू झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात तर चार-चार खेळाडू २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदानावर खेळतात. खेळाचे स्वरूप स्थळानुसार बदलू शकते. तिसरी बाब शैक्षणिक स्थानाची. अभ्यासक्रम व अभ्यासेतर उपक्रम यांत कठोर भेद नसावा, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद आहे. त्यामुळे सामन्याचे आयोजन, पंचकार्य, वार्तांकन व हिशेब ही कामे विविध विभागांच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव म्हणून देता येतील.

ही साखळी विद्यापीठ स्पर्धेला पर्याय नसून पूरक आहे. श्रेष्ठ प्रतिस्पर्धी, तज्ज्ञ मार्गदर्शन व निवडीचा मार्ग यांसाठी नागपूरला जाणे आवश्यकच राहील. तसेच अमेरिकेतील खेळामागील प्रचंड अर्थकारण अनुकरणीय नाही. तेथून घ्यावयाचे ते एवढेच की, सामना खेळाडूंच्या गावात व्हावा.

समारोप

महानगर खेळाडूला दर्जा देते, लहान गाव त्याला ओळख देऊ शकते. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयीन खेळाडूला दर्जासाठी दूर जावे लागते आणि गावात सामनाच नसल्याने ओळखही मिळत नाही, ही त्याची दुहेरी वंचना होय. ती दूर करण्यासाठी मोठे क्रीडागार उभारण्याची गरज नाही. सपाट पटांगण, दोन गोलखांब, परस्परांच्या गावी जाण्यास तयार असलेली महाविद्यालये आणि आधी जाहीर केलेले वेळापत्रक एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. प्राचार्य व शारीरिक शिक्षण संचालकांनी तालुक्याच्या पातळीवर हा विचार केल्यास विद्यार्थ्याचा खेळ सूचनाफलकावरील निकालापुरता उरणार नाही. तो त्याच्या गावाला प्रत्यक्ष पाहता येईल.