तीन गावचे तीन दाखले, मूल मात्र एकच

बऱ्हाणपूरहून खांडव्याच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या माथ्यावर असीरगड दिसू लागतो. जुन्या काळी याला दख्खनचा दरवाजा म्हणत. 1601 मध्ये अकबराने तो फारुकींकडून घेतला, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. पायथ्याच्या लोकांना मात्र अकबरापेक्षा अश्वत्थामा जवळचा. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो अजूनही गडावरच्या महादेवाच्या देवळात येतो आणि वाटेत कुणी भेटलंच तर जखमेवर लावायला तेल-हळद मागतो, असं इथे सांगतात. त्याला पाहिलं म्हणणारे पुष्कळ आहेत. तो आला कुठून आणि गेला कुठे, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

ही गोष्ट आठवण्याचं कारण वेगळं आहे. कर्करोग झालेली आपली कितीतरी मुलंही अशीच असतात. एका दवाखान्यात दिसतात, दुसऱ्यात दिसतात आणि मग कुठे जातात ते कळत नाही.

समजा, गडाखालच्या एखाद्या गावातल्या सहा वर्षांच्या मुलाचा ताप उतरत नाही. अंग पांढरं पडतं, हिरड्यांतून रक्त येतं. आधी बऱ्हाणपूर, मग इंदूर आणि शेवटी रेल्वेने रात्रभर प्रवास करून मुंबईत परळ. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. आपल्या सीमाभागात तर याच्या जोडीला भाषाही बदलते. कन्नड शाळेच्या दाखल्यावर एस. बी. मल्लिकार्जुन, मिरजेच्या दवाखान्यात मल्लिकार्जुन शिवाप्पा बिरादार, बंगळूरच्या फाइलवर मल्लिकार्जुन एस., आणि आजीच्या तोंडी नुसता मल्लू. दाखला हा शब्द दोन्ही भाषांचा, पण दाखल्यावरचं नाव काही जुळत नाही. कागदावर तीन मुलं होतात. त्यातली दोन ‘पुन्हा आली नाहीत’ म्हणून शेऱ्यात जातात.

यात काय बिघडलं, असं कुणी विचारील. बरंच बिघडतं.

मुलांचा कर्करोग मोठ्यांच्या मानाने विरळा. आपल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात, एकूण कर्करोगात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वाटा ठिकठिकाणी 0.7 ते 3.7 टक्के एवढाच दिसतो. त्यातही रक्ताचा वेगळा, डोळ्याचा वेगळा, मूत्रपिंडाचा वेगळा. एखाद्या प्रकाराची वर्षाला चार-पाच मुलं पाहणाऱ्या डॉक्टरला कुठलं औषध जास्त चांगलं, हे एकट्याने कळायला उभा जन्म पुरायचा नाही. म्हणून अनेक दवाखान्यांनी सारखी पद्धत वापरायची, सारख्या नोंदी ठेवायच्या आणि त्या एकत्र पाहायच्या.

अमेरिकेत 1969 मध्ये मुलांच्या मूत्रपिंडाच्या गाठीसाठी, म्हणजे विल्म्स ट्यूमरसाठी, असा एकत्र अभ्यास सुरू झाला. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार देण्याचा प्रघात होता. अनेक गावच्या नोंदी एकत्र आल्यावर दिसलं, की गाठ लवकर सापडून पुरती निघाली असेल तर अगदी लहान मुलांना किरणांची गरजच नाही. पुढे आणखी मुलांना ही सूट मिळाली. किरणांनी वाढत्या हाडांवर होणारा परिणाम त्या लेकरांना भोगावा लागला नाही. हे नवं औषध सापडल्यामुळे झालं नाही, नीट मोजल्यामुळे झालं.

आपल्याकडेही हे काम नवं नाही. मुंबईत 1963 मध्ये डॉ. दा. ज. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू केली. बंगळूरच्या किदवाई संस्थेची नोंदवही 1982 पासूनची. मला मात्र सगळ्यांत कौतुक वाटतं ते बार्शीचं. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली आणि तिने बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास खेडी घेतली. शहरात दवाखान्यांचे कागद गोळा करून काम भागतं. खेड्यात कागदच नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर बसले, बायाबापड्यांशी बोलले, कुणाला काय होतंय ते विचारलं. गंमत अशी, की नुसत्या या विचारपुशीने लोक शहाणे झाले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. नोंद घ्यायला गेलेल्यांच्या हातून असा उपचारही झाला!

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात 1980 च्या दशकात मुंबईचं टाटा रुग्णालय, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कर्करोग संस्था या तिघांनी एकच उपचारपद्धत घेतली. तिचं नाव एमसीपी 841. त्याआधी फार थोडी मुलं वाचत. या पद्धतीने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. 2016 पासून देशातल्या अनेक मोठ्या केंद्रांनी मिळून याच आजारावर पुढचा अभ्यास चालवला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठरवलं, की 2030 पर्यंत जगभरात कर्करोग झालेल्या मुलांपैकी किमान 60 टक्के वाचली पाहिजेत. श्रीमंत देशांत आजच 80 टक्क्यांहून अधिक वाचतात.

आपली मुलं कुठे कमी पडतात, हेही नोंदींनीच दाखवलं. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार अडीच-तीन वर्षं चालतो. पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच बहुतेक मुलं टुणटुणीत होतात, रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो. घरच्यांना वाटतं, झालं, बरा झाला. इकडे शेत पडीक, घरी धाकटं पोर आजीकडे, मुंबईत राहायला जागा नाही. गाडी पकडून माणसं घरी येतात ती येतातच. काही महिन्यांनी आजार उलटतो. टाटा रुग्णालयात अशी उपचार सोडणारी मुलं एकेकाळी पाचातलं एक होती. हा आकडा समोर आल्यावर राहण्याची, खाण्याची, पैशाची आणि समजावून सांगणाऱ्या माणसांची सोय उभी राहिली. सेंट ज्यूडसारख्या संस्थेने 2006 पासून मुंबईत अशा कुटुंबांना मोफत घर दिलं. उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. औषधं होती तीच होती.

आता घरातलं बोलते. बऱ्या झालेल्या मुलांचं काय? टाटा रुग्णालयात 1991 पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना चालतो. वाढ नीट आहे का, हृदयावर औषधाचा परिणाम झाला का, पुढे मूलबाळ होण्यात अडचण येईल का, हे तिथे वर्षानुवर्षं पाहतात. पण आपण करतो काय? मुलगी बरी झाली की फाइल ट्रंकेच्या तळाला. फोन नंबर बदलतो. ‘कुणाला सांगू नका हं, उद्या लग्न व्हायचंय तिचं.’ मराठी घरात हे वाक्य आहे आणि कन्नड घरातही आहे. मी त्या आईला दोष देणार नाही. सोयरीक मोडताना आपल्या समाजाला फार वेळ लागत नाही. पण वहीत त्या ठणठणीत मुलीपुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा पडतो आणि पुढच्या घाबरलेल्या आईला डॉक्टर ठामपणे सांगू शकत नाहीत, की बाई, अशा इतक्या मुली आज संसार करताहेत.

भीतीचं एक उत्तर आहे. दवाखाने एकमेकांना अभ्यासासाठी माहिती देतात तेव्हा नावागावाऐवजी क्रमांक देण्याची पद्धत असते. तरीही सही करण्याआधी आपण विचारावं: नाव कुठे जाणार, कोण पाहणार? विचारण्यात संकोच नको. आणि दवाखाना बदलायचा झाला तर पहिल्या दवाखान्याला तसं सांगून, उपचाराचा सारांश लिहून घेऊन निघावं. सगळ्या कागदांवर नाव एकाच पद्धतीने घालावं. आधार कार्डावर आहे तसंच घालावं, म्हणजे मल्लूचा मल्लिकार्जुन सगळीकडे एकच राहील. नंबर बदलला तर परळला किंवा बंगळूरला एक फोन करावा. वर्षातून एकदा तिकडून फोन आला, तर ‘हो, बरा आहे, आठवीत गेला’ एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात, मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये.