पंप सुरू होईना? आधी प्लग बघा

तेल्हाऱ्याच्या शिवारात कपाशीची फवारणी ऐन पावसाळ्यात येते आणि पेट्रोलवरचा पंप नेमका तेव्हाच अडतो. प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर इंजीन ठीक. काळा, तेलकट असेल तर बहुधा ऑइल जास्त. ओला असेल तर वाऱ्यावर धरा : पेट्रोल उडून जातं, पाण्याचे थेंब राहतात. हे पाणी बरेचदा टाकीतूनच येतं. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा शोषतं. तो फार वाढला की दोन्ही मिळून तळाशी बसतात. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. खाली वेगळा थर दिसला तर ते वापरू नका.

नवा प्लग नुसते आटे जुळले म्हणून घेणं चूकच. लांबी जास्त असली तर तो पिस्टनवर आदळू शकतो. पुस्तिकेतलाच क्रमांक मागा, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करूनच पंप ठेवा.