जुन्या बोर्डावरची बेगमी

सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या बोर्डाकडेही त्याच नजरेने पाहावे, असे मला मनापासून वाटते. दिवाळीच्या आवराआवरीत नाशिकच्या पंचवटीतल्या घराघरांतून असे बॉक्स, राउटर, चार्जर भंगारात जातात. त्याच पंचवटीत, अमृतधामला, के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय 1984 पासून आहे. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना एखादीच कॉइल, एखादाच क्रिस्टल हवा असतो. शहरात तो मिळाला नाही की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरावी लागते, आणि तसाच भाग शेजारच्या घरातून भंगारात गेलेला असतो.

हे भाग बोर्डाला भोक न पाडता वरच्या वर डकवलेले असतात. ‘0805’ आकाराचा रेझिस्टर साधारण 2 मिमी लांब आणि सव्वा मिमी रुंद. ‘0603’ त्याहून लहान, आणि ‘0402’ तर जेमतेम 1 मिमी लांब व अर्धा मिमी रुंद. हौशी माणसाने 0603 च्या खाली उतरू नये. डोळ्यांना त्रास फार आणि हाती येते ते थोडे.

काढताना घाई नडते. कथील-शिशाचे जुने 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळते, तर आजचे शिसेविरहित सोल्डर 217 च्या पुढे. म्हणून दोन्ही टोकांवर आधी थोडे शिशाचे सोल्डर मिसळावे, म्हणजे वितळणबिंदू खाली येतो. फ्लक्स सढळ हाताने लावावा, बोर्ड खालून गरम करून घ्यावा आणि हॉट एअरचा झोत मंद ठेवावा. जोरात ठेवला तर भाग उडून जातो. सोल्डर चमकून पातळ झाले की चिमट्याने अलगद उचलावा. उपटू मात्र कधीही नये. सिरॅमिक कपॅसिटरला ओढाताणीने आत बारीक तडा जातो, तो वरून दिसत नाही आणि पुढे तिथेच शॉर्ट होतो.

खरे कौशल्य यानंतरचे आहे. रेझिस्टरवर निदान आकडे असतात: 103 म्हणजे 10 किलो-ओहम, 4R7 म्हणजे 4.7 ओहम. सिरॅमिक कपॅसिटर मात्र कोरा. तो मीटरवर मोजून लगेच नोंदवला नाही, तर नंतर त्याचे कूळ सापडत नाही. ‘X7R’ जातीचा कपॅसिटर नुकताच तापलेला असेल तर थोडा जास्त आकडा दाखवतो आणि पुढे हळूहळू उतरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. त्याचा व्होल्टेज तर मोजून कळतच नाही. तेव्हा काढण्यापूर्वी तो कोणत्या लाइनवर होता ते लिहून ठेवायचे. 5 व्होल्टच्या लाइनवरून काढलेला कपॅसिटर 5 व्होल्टपुरताच वापरायचा, त्याहून वर धाडस नको.

ठेवायला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या उत्तम. प्लॅस्टिकच्या डबीत स्थिर विजेमुळे हे कण झाकणाला चिकटतात. प्रत्येक बाटलीवर किंमत, आकार, कोणत्या बोर्डावरून आणि कधी काढला, एवढे लिहावे. आयसी अँटिस्टॅटिक पिशवीतच ठेवायच्या. आपल्या पावसाळ्यात त्या हवेतला ओलावा शोषतात आणि पुढे हॉट एअरखाली आतल्या वाफेने तडकू शकतात, म्हणून सोबत सिलिका जेलची पुडी असावी.

सगळेच काढण्यात अर्थ नाही. नवे 0603 रेझिस्टर 5,000 च्या रिळात येतात आणि सुटे घेतले तरी स्वस्तच पडतात. त्यांच्यामागे संध्याकाळ घालवू नये. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर सोडूनच द्यावेत, आतला द्रव वाळलेला असतो. वेचण्याजोगे म्हणजे कॉइल, क्रिस्टल, मॉस्फेट, रेग्युलेटर आणि कनेक्टर. हे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे, आणि शिसे हाताळलेले हात धुतल्याशिवाय फराळाला बसू नये.

उरलेला बोर्ड जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यांनुसार नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच तो पोहोचवा, आणि यंदाच्या आवराआवरीत निघालेला राउटर भंगारात देण्याआधी ओळखीतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला विचारा.