दोन हजार मैलांची पायवाट

अमेरिकेच्या पूर्व भागांतील अ‍ॅपलेशियन पर्वतांत झाडांच्या खोडांवर ठिकठिकाणीं एक पांढरा पट्टा रंगविलेला आढळतो. दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. त्यावर अक्षर नाहीं कीं बाण नाहीं. एकावर एक असे दोन पट्टे दिसले म्हणजे पुढें वळण आहे असें समजावयाचें. या पट्ट्यांचा माग धरून जो चालत राहील तो दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानांतल्या स्प्रिंगर डोंगरावरून निघून, चौदा संस्थानांतून जात जात, उत्तरेस मेन संस्थानांतील कटाडिन शिखरावर पोहोंचेल. या वाटेस ‘अ‍ॅपलेशियन ट्रेल’ असें म्हणतात. तिची लांबी सुमारें २,१९० मैल आहे. आगगाडीनें मुंबईहून दिल्लीस जाऊन परत आलें तरी एवढा प्रवास होत नाहीं. आणि हा तर सगळा पायीं, तोहि सारखा चढउताराचा! कटाडिन हें सह्याद्रींतील कळसूबाईहून थोडें ठेंगणेंच आहे. पण तेथवर पोहोंचेपर्यंत झालेले सगळे चढ एकत्र मोजले, तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळां चढल्यासारखें होतें.

१९२१ सालीं बेंटन मॅकाय या वनविद्येच्या अभ्यासकानें ही कल्पना प्रथम एका लेखांत मांडली. सबंध वाट कोणी एका दमांत चालावी असा तिचा हेतु नव्हता. कारखान्यांच्या शहरांत पिचलेल्या माणसाला सुटीचे चार दिवस डोंगरांत घालवितां यावे, एवढ्यासाठीं मॅकायला वाट हवी होती. ती जमिनीवर उतरविली मायरन एव्हरी या वकिलानें व गांवोगांवच्या हौशी मंडळांनीं. एव्हरी सायकलचें चाक ढकलीत अंतर मोजीत हिंडे. १९३७ सालीं वाट अखंड झाली. तिच्यावर माजलेला झाडोरा तोडणें आणि पुसट झालेले पट्टे पुन्हां रंगविणें हें काम आजहि मुख्यतः बिनपगारी स्वयंसेवकच करतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या वाटेची आबाळ झाली. अशा स्थितींत १९४८ च्या एप्रिलमध्यें अर्ल शॅफर नांवाचा तरुण जॉर्जियांतून एकटाच निघाला. पॅसिफिक महासागरांतील बेटांवर त्यानें युद्धाचीं वर्षें काढलीं होतीं. ही वाट दोघांनीं मिळून चालावयाची, असा बेत त्यानें ज्या बालमित्राबरोबर केला होता, तो इवो जिमाच्या लढाईंत कामास आला होता. युद्ध संपलें, परंतु शॅफरच्या मनांतून तें जाईना. तें चालून चालून घालवावें म्हणून तो बाहेर पडला. जवळ वाटेची मार्गदर्शिका नव्हती. मोटारीच्या रस्त्यांच्या नकाशांवर भागवावें लागलें. १२४ दिवसांनीं, ५ ऑगस्ट रोजीं, तो कटाडिनवर उभा होता. वाट सांभाळणाऱ्या मंडळींना प्रथम हें खरें वाटेना. त्याची रोजनिशी व त्यानें काढलेलीं छायाचित्रें पाहिल्यावर त्यांची खात्री पटली.

आज दरवर्षीं हजारों माणसें हा संकल्प करून निघतात, आणि चारांत सुमारें एकच तो तडीस नेतो. बाकीचे कां परततात? पाय थकतात म्हणून, असें सहज वाटेल. पण महिन्याभरांत पाय तयार होतात. खरी अडचण हिशेबाची असते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर कटाडिनचा माथा बर्फामुळें केव्हां बंद होईल याचा नेम नसतो. म्हणून दक्षिणेकडून निघणारास मार्च-एप्रिलमध्यें, डोंगरांवर थंडी असतांनाच, बाहेर पडावें लागतें. प्रवासास पांच ते सात महिने लागतात. मध्यें तापानें एक आठवडा खाल्ला, तर तो पुढें कोठून तरी भरून काढावा लागतो.

पाठीवर किती घ्यावें हा दुसरा हिशेब. दिवसाला दोन पौंड अन्न धरलें तर पांच दिवसांचे दहा पौंड झाले. अंथरूण, कपडे, पाणी वेगळेंच. म्हणून तीन-चार दिवसांनीं जवळच्या गांवीं उतरावयाचें, शिधा भरावयाचा, कीं पुन्हां चढावयाचें. कांहीं जण घरूनच पुडकीं बांधून वाटेवरील टपालकचेऱ्यांच्या पत्त्यावर पाठवून ठेवतात. शेवटीं मेनमध्यें शंभर मैलांचें रान लागतें. तेथें वाटेवर गांव नाहीं. आठ-दहा दिवसांची शिदोरी एकदमच उचलावी लागते. एवढें करूनहि भूक भागत नाहीं. दिवसभर चढणाऱ्या शरीरास लागणारें अन्न पाठीवर मावतच नाहीं, आणि चांगला धट्टाकट्टा मनुष्य दोन महिन्यांत वाळून जातो. उरलेलें अन्न रात्रीं अस्वलाच्या भयानें झाडास टांगावें लागतें. तरी अस्वलापेक्षां गवतांतल्या गोचिडीस अधिक भ्यावें. तिच्या चाव्यानें लाइम नांवाचा चिवट रोग जडतो.

ओझ्याचा हिशेब सर्वांत सोपा केला तो ओहायो संस्थानांतील एमा गेटवुड या बाईंनीं. अकरा मुलांची ही आई १९५४ सालीं मेनमध्यें वाट चुकली, चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनीं तिला घरीं धाडलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, फिरावयास जातें एवढेंच मुलांना सांगून त्या पुन्हां निघाल्या. पायांत कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी. तंबू नाहीं, पावसासाठीं न्हाणीघरांतला प्लॅस्टिकचा पडदा. सप्टेंबरमध्यें त्या कटाडिनवर पोहोंचल्या. एका हंगामांत सबंध वाट एकटीनें चालणारी ही पहिली स्त्री.

अलीकडे ही वाट धावून संपविणारेहि निघाले आहेत. २०२४ सालीं टारा डाउअर या स्त्रीनें कटाडिनपासून स्प्रिंगरपर्यंतचें अंतर ४० दिवस, १८ तास व ६ मिनिटांत कापलें. तोंवर कोणा पुरुषासहि तें इतक्या थोड्या वेळांत साधलें नव्हतें. रोजचे पन्नासांहून अधिक मैल झाले! मात्र तिचे सोबती अन्नपाणी घेऊन मोटारीनें पुढें जात व वाटेला रस्ता मिळेल तेथें थांबत; म्हणजे शिध्याचें ओझें तिच्यापुरतें दुसऱ्यांनीं वाहिलें. श्रम दोहोंकडे थोर आहेत, पण या दोन गोष्टी एक नव्हेत.

शॅफरनें १९६५ सालीं हीच वाट उलट दिशेनें चालून काढली. १९९८ सालीं, पहिल्या प्रवासास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, तो तिसऱ्यांदा निघाला. त्या वेळीं त्याचें वय ७९ होतें. एव्हांना वाट पुष्कळ ठिकाणीं मूळ जागेवरून हलविलेली होती. या खेपेस पांच महिन्यांहून अधिक काळ लागला, आणि ऑक्टोबर अर्धा उलटून गेल्यावर, शिखर बंद होण्याच्या सुमारास, तो कटाडिनवर पोहोंचला.