बंबाला टाकी जोडताय? वाफेची वाट मोकळी ठेवा

झाशीची थंडी पुण्या-मुंबईच्या लोकांना चटकन कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुकं पडतं, पारा १० अंशांच्या खाली जातो आणि नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. रेल्वे स्टेशनजवळचा सीपरी बाजार असो की किल्ल्याभोवतीचं जुनं शहर, चार-पाच माणसांच्या घरात सकाळी गिझरसाठी नंबर लागतात. त्यात वीज गेली, तर विचारूच नका!

अठराव्या शतकात मराठा सुभेदारांबरोबर मराठी कुटुंबं झाशीत आली आणि इथलीच झाली. मराठी घरांत अशा थंडीवर एक जुना उपाय असे, तो म्हणजे तांब्याचा बंब. आता लाकडावरचे बंब पुन्हा बाजारात दिसतात. झाशीच्या दुकानात ‘बंब’ हा शब्द कळला नाही, तर ‘लकडीवाला हमाम’ म्हणून विचारून पाहा. तो घेतला की पुढचा विचार येतोच: याला टाकी जोडली तर गरम पाणी थेट नळाला येईल का?

येईल. पण आधी एक गोष्ट समजून घ्या.

विस्तवाला बटण नसतं

गिझरमधलं पाणी ठरावीक तापलं की थर्मोस्टॅट वीज बंद करतो. लाकूड मात्र एकदा पेटलं की जळून संपेपर्यंत उष्णता देत राहतं. आजीच्या बंबाला याचा त्रास नव्हता, कारण तो वरून उघडा असे. नरसाळ्यातून बादलीभर थंड पाणी ओतलं की वरच्या तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर यायचं. पाणी उकळलं तरी वाफेला बाहेर पडायला वाट होती.

पाइप जोडताना हीच वाट बंद होण्याचा धोका असतो. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. ती जागा मिळाली नाही, तर भांडं फुटतं.

म्हणून घरातला जुना, सैल झाकणाचा बंब टाकीला जोडू नका. टाकी वर बसवली की पाणी नरसाळ्यातून बाहेर येईल. ते बुजवलंत, तर जुने डाख दाब सोसणार नाहीत. त्यासाठी बंद अंगाचा, वर आणि खाली पाइपासाठी सॉकेट असलेला बॉयलरच हवा.

जोडणी कशी असावी?

सोलर वॉटर हीटर पाहिला असेल, तर हे लगेच कळेल. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी खाली उतरतं. पंपाची गरज पडत नाही.

• टाकी बॉयलरपेक्षा उंचावर बसवा. सोलरला वापरतात तशी, बाहेरून उष्णतारोधक थर असलेली टाकी चालते.
• बॉयलरच्या वरच्या सॉकेटमधून निघालेला पाइप टाकीच्या वरच्या भागात जातो. टाकीच्या तळातून दुसरा पाइप बॉयलरच्या खालच्या सॉकेटला येतो.
• हे दोन्ही पाइप १ इंची, जीआय किंवा तांब्याचे घ्या. प्लॅस्टिकचा पाइप विस्तवाजवळ नको. तांबं आणि जीआय जिथे जोडायचं, तिथे मध्ये पितळी जोड घाला, म्हणजे जीआय लवकर गंजणार नाही.
• गरम पाइपाला सतत चढ हवा. मध्ये तो झुकला, तर हवा अडकते आणि पाणी फिरायचं थांबतं.
• थंड पाणी टाकीच्या तळाशी येऊ द्या आणि नळासाठी गरम पाणी वरून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: एअर व्हेंट

टाकीच्या माथ्यावरून एक उघडा पाइप वर न्या. त्याचं तोंड गच्चीवरच्या थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच असावं आणि खाली वळवलेलं असावं. पाणी तापलं की फुगतं. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेलं, तर सुमारे दीड लिटर वाढतं. ही वाढ आणि जास्तीची वाफ या पाइपातून निघून जाते.

व्हेंटवर किंवा बॉयलर आणि टाकीच्या मधल्या पाइपांवर व्हॉल्व्ह बसवू नका. ‘गळतंय, बूच मारून टाकू,’ असं कुणी म्हटलं तरी ठाम नकार द्या. घरात प्रेशर पंप असेल, तर त्याची लाइन इथे थेट जोडू नका. मध्ये फ्लोट व्हॉल्व्हची छोटी टाकी ठेवा.

लाकूड किती, बादल्या किती?

१०० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ५ युनिट विजेएवढी उष्णता लागते. निम्मी उष्णता धुराबरोबर वाया गेली असं धरलं, तरी अडीच किलो सुकं लाकूड पुरतं. एवढ्या गरम पाण्यात थंड पाणी मिसळलं की अंघोळीजोगं, ४० अंशांचं, १८० लिटर पाणी मिळतं. म्हणजे २० लिटरच्या ९ बादल्या! लाकूड ओलं असेल, तर धूरच जास्त होईल.

घरातल्या सगळ्यांसाठी

• पाणी भरल्याची खात्री झाल्याशिवाय पेटवू नका.
• बॉयलर अंगणात किंवा मोकळ्या जागी ठेवा, बाथरूममध्ये कधीच नको. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.
• ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम. मुलांना आणि आजी-आजोबांना हे पुन्हा पुन्हा सांगा.
• थंडी सुरू होण्याआधी दरवर्षी व्हेंट मोकळा आहे का, हे पाहून घ्या.

प्लंबर काम संपवून निघाला की पैसे देण्याआधी त्याला एकच विचारा: ‘वाफ कुठून बाहेर जाणार?’ त्याने व्हेंटच्या उघड्या तोंडाकडे बोट दाखवलं, तरच पहिली काडी ओढा.