अवधान मागावं लागतं

मंडळी, आपल्या व्याख्यानांची एक रीत बघा. शाल-श्रीफळ वक्त्याला, आणि श्रोत्यांना काय? ‘मोबाईल बंद ठेवा’ ही सूचना! खरं तर संध्याकाळचे दोन तास देतो तो श्रोता. मग आपलं कोणाला म्हणायचं, कोणी म्हणायचं?

आपलं म्हणणं म्हणजे स्तुती नव्हे. ‘तुमच्यासारखे जाणकार श्रोते’ हे वाक्य गावोगाव वापरलं जातं, हे श्रोत्यांनाही ठाऊक असतं. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात म्हटलंय की वक्त्यावर विश्वास बसायला तीन गोष्टी लागतात : शहाणपण, सचोटी आणि श्रोत्यांविषयी सद्भाव. पहिल्या दोन असल्या आणि तिसरी नसली, तर हिताचं काय हे कळत असूनही वक्ता ते सांगेलच, याची खात्री नाही.

हा सद्भाव दिसतो कसा? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ पाहा. ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. पण लगेच सांगतात की ही प्रौढी नाही, ही सलगीची विनंती आहे. श्रोत्यांना ते श्रीमंत माहेराची उपमा देतात. म्हणजे बघा, घर श्रोत्यांचं, आणि लेकरू वक्ता! लक्ष हा वक्त्याचा हक्क नाही, ते श्रोत्याने दिलेलं दान आहे, हा यातला विचार.

एकदा हे पटलं की बाकीचं आपोआप सुचतं. ‘मागे ऐकू येतंय का?’ असं विचारलं तर उत्तरासाठी थांबावं. उशिरा आलेल्याला टोमणा मारू नये, एका वाक्यात मागचा धागा जोडून द्यावा. अवघड शब्द आला तर ‘हे तुम्हाला माहीतच असेल’ असं म्हणू नये. ज्याला माहीत नाही, तो तिथेच खाली मान घालतो. त्यापेक्षा अर्थ सांगून पुढे जावं. कोणी प्रश्न विचारला तर तो पुरता ऐकावा. आणि हो, वेळेवर थांबावं!

या गोष्टी लहान वाटतात, पण मान खाली घातलेला तो माणूस ‘व्याख्यान कठीण होतं’ असं म्हणत नाही. ‘तत्त्वज्ञान आपल्यासारख्यांसाठी नाही’ असं ठरवून घरी जातो. पुन्हा येत नाही. एक श्रोता गेला याचं फारसं काही नाही हो, पण त्याच्या मनातला प्रश्न कायमचा मिटला, हे नुकसान मोठं आहे.