आधी धडधड, मग भीती

भीती वाटली की छाती धडधडते, हे लहान मूलही सांगेल. पण नुसती छाती धडधडली म्हणून भीती वाटते का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये तसंच मांडलं होतं: आधी शरीर बदलतं, आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. हे तपासायचं तर मनाला धक्का न लावता फक्त हृदय पळवायला हवं. ते साधलं २०२३ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेत. उंदरांच्या हृदयपेशी जनुकीय तंत्राने प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या केल्या, अंगात छोटं जाकीट घातलं आणि त्यातल्या दिव्याच्या उघडझापीवर ठोके मिनिटाला ६६० वरून ९०० वर नेले. निर्धोक जागी उंदरांना त्याचं काही वाटलं नाही. उघड्यावर मात्र ते बिचकू लागले. पाणी घेताना अधूनमधून विजेचा सौम्य झटका बसणार असेल, तर त्यासाठी पुढे होणंही कमी झालं. शरीरातल्या खुणा टिपणारा मेंदूचा भाग, इन्सुला, तात्पुरता शांत केला तेव्हा हृदय तसंच धावत असूनही भीती ओसरली.

हा प्रयोग वाचताना एसव्हीटीचे (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) रुग्ण डोळ्यांपुढे येतात. या विकारात बहुतेकदा हृदयातली विद्युतलहर खाली जाऊन विरण्याऐवजी एका जादा वाटेने परत वर येते आणि गोल फिरत राहते. भाजी चिरताना, गाडी चालवताना, ध्यानीमनी नसताना ठोके एकदम १५० ते २२० वर जातात. गळ्याशी शीर उडते, हातापायांतलं त्राण जातं, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. मग बटण बंद केल्यासारखं सगळं थांबतं. रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल! ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून माणूस घरी परततो.

१९९७ मध्ये अमेरिकेत अशा १०७ रुग्णांचा अभ्यास झाला. ६७ टक्क्यांची लक्षणं ‘पॅनिक डिसऑर्डर’च्या निकषांत चपखल बसत होती. निम्म्याहून अधिक जणांचा खरा आजार पहिल्या तपासणीत सुटला होता, आणि मानसिक कारणाचा शिक्का पुरुषांपेक्षा स्त्रियांवर जास्त बसला होता. मला हे फार अन्यायाचं वाटतं. कारण दोन झटक्यांच्या मधले दिवसच माणसाला पोखरतात. बसमध्ये दाराजवळची जागा धरायची, जिना टाळायचा, दर थोड्या वेळाने मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायची. या धास्तीने अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि काहींमध्ये तेच पुढच्या झटक्याला निमित्त होतं.

निव्वळ काळजीने वाढलेले ठोके सहसा हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात. एसव्हीटीत ते क्षणात सुरू होतात, क्षणात थांबतात. नंतर काहींना पुष्कळ लघवीला होते, कारण हृदयाच्या ताणलेल्या वरच्या कप्प्यांतून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. ही बारीकशी गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी. झटका चालू असतानाचा ईसीजी मिळाला तर निदान होण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यासाठी अंगावर लावून सतत ईसीजी टिपणारं होल्टर यंत्र किंवा ईसीजी घेणारं घड्याळही उपयोगी पडतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्यावं. रक्त कमी असलं तरी हृदय पळतंच.

निदान पक्कं झालं की हाती बरंच काही असतं. झटका आला की अर्धवट टेकून बसायचं, १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं होऊन दुसऱ्याकडून पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा झटका थांबला. नुसतं फुंकणाऱ्यांत १७ टक्के. मात्र हे आधी डॉक्टरांकडून शिकून घ्यावं, आणि छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं किंवा दम लागला तर प्रयोग करत न बसता थेट रुग्णालय गाठावं. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ती जादा वाट जाळण्याचा उपाय, म्हणजे अ‍ॅबलेशन, ९५ टक्क्यांहून अधिक वेळा यशस्वी होतो. तरीही त्यानंतर काही काळ एखादा ठोका चुकला की काळजात चर्र होतं. वाट जळते, पण मनाला पडलेली धास्तीची सवय लगेच जात नाही. तिच्यासाठी समुपदेशकाकडे जाणं हाही याच उपचाराचा भाग आहे.